बॅग उलटी करा: कुत्र्या-मांजराचं खाद्य निवडताना

पेट शॉपमध्ये बॅग हातात घेतली की आधी ती उलटी करा. पुढच्या बाजूला कोंबडीची तंगडी, गाजरं आणि चकाकत्या केसांचा लॅब्रेडॉर असतो. 'प्रीमियम', 'सुपर प्रीमियम', 'होलिस्टिक' असे शब्द असतात. त्यांना कायद्याची कसलीच व्याख्या नाही, कुणीही छापावेत. कामाचा मजकूर मागे, बहुतेक वेळा शिवणीजवळ, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असतो. मोबाइलवर फोटो काढून मोठा करून वाचा. दुकानदाराला घाई असेल, तुम्हाला नको.

पहिली ओळ शोधायची ती 'कम्प्लीट'ची. 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' लिहिलेलं असेल तर एकट्या त्या खाद्यावर जनावराचं भागावं, असा कंपनीचा दावा आहे. 'कॉम्प्लिमेंटरी', 'ट्रीट' किंवा 'टॉपर' असेल तर ते जेवण नव्हे, तोंडीलावणं. मांजरांच्या ग्रेव्हीच्या पाकिटांत ही फसगत फार होते. दिसायला दोन्ही सारखी, किंमतही जवळपास तीच, पण एक पूर्ण आहार आणि दुसरी नुसती चव.

याच ओळीत वय बघा: पिल्लू, प्रौढ की सगळी वयं. जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन अशी मोठी होणारी जात असेल तर 'लार्ज ब्रीड पपी'चंच खाद्य घ्या, त्यात कॅल्शियमवर मर्यादा असते. लहान पिल्लाचं शरीर जादा कॅल्शियम बाहेर ठेवू शकत नाही आणि हाडं वाकडी वाढतात. म्हणून पूर्ण आहारावर असलेल्या पिल्लाला शेजाऱ्यांच्या सल्ल्याने कॅल्शियमचं सिरप पाजू नका.

बॅगेवर आफ्को (अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना) किंवा फेडियाफ (युरोपातल्या पाळीव प्राण्यांच्या खाद्य उद्योगाची संघटना) यांचं नाव असेल तर त्यांच्या पोषणमानकांप्रमाणे खाद्य बनवलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. 'आफ्को अप्रूव्ड' असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. ही संस्था कुठल्याही बॅगेला मंजुरी देत नाही. जगभरच्या पशुवैद्यांची संघटना वसावा हिचंही तसंच. आणि एफएसएसएआय या आपल्या अन्न सुरक्षा संस्थेचा शिक्का बघून निर्धास्त होऊ नका. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'अन्ना'च्या व्याख्येतून जनावरांचं खाद्य वगळलेलं आहे.

आता आकडे. यात सगळ्यात जास्त गोंधळ पाण्यामुळे होतो. कोरड्या दाण्यांवर प्रोटीन २२ टक्के आणि ग्रेव्हीच्या पाकिटावर ८ टक्के छापलेलं बघून माणूस दाणे उचलतो. पण दाण्यांत पाणी १० टक्के आणि पाकिटात ८२. पाणी वजा करून बघा:

दाणे: २२ ÷ ९० × १०० = साधारण २४ टक्के.
पाकीट: ८ ÷ १८ × १०० = साधारण ४४ टक्के.

आफ्कोचं किमान प्रमाण असं पाणी वजा करूनच मोजतात: प्रौढ कुत्रा १८ टक्के, पिल्लू २२.५, प्रौढ मांजर २६, मांजराचं पिल्लू ३०. म्हणजे वरचे दाणे प्रौढ कुत्र्याला पुरतात, मांजराला नाही. कुत्र्याचे दाणे मांजरापुढे ठेवू नका, असं डॉक्टर सांगतात ते एवढ्यासाठीच नाही. मांजराला टॉरिन हे मांसातून मिळणारं अमिनो आम्ल खाण्यातून आयतं लागतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा आणि हृदय दोन्ही बिघडतात.

त्याच दाण्यांच्या बॅगेवर समजा असं छापलंय: प्रोटीन २२, फॅट १०, फायबर ५, मॉइश्चर १०. ॲश, म्हणजे खाद्य जाळल्यावर उरणारी खनिजांची राख, छापली नसेल तर ८ धरा. सगळ्यांची बेरीज ५५. शंभरातून वजा केली की उरले ४५, आणि हा आकडा बॅगेवर कुठेच नसतो. ते पीठ: तांदूळ, मका, गहू. पुढे तंगडीचं चित्र, आत जवळजवळ निम्मं पीठ. कुत्र्याला शिजवलेलं पीठ पचतं, त्यामुळे हे काही विष नव्हे. पण मग तंगडीचे पैसे मोजू नका.

कॅलरी छापलेल्या नसतील तर याच आकड्यांतून निघतात. प्रोटीन आणि पीठ प्रत्येकी ३.५ ने, फॅट ८.५ ने गुणा: ७७ + १५७.५ + ८५, म्हणजे १०० ग्रॅममागे सुमारे ३२० किलोकॅलरी. छापलेले आकडे 'किमान' आणि 'कमाल' असतात, म्हणून हा अंदाज समजा. नसबंदी झालेल्या १० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात, म्हणजे हे दाणे २०० ग्रॅमच्या आसपास. वाटीने मोजू नका, प्रत्येक घरची वाटी वेगळी. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या.

किंमतही इथेच कळते. ४०० रुपये किलोच्या बॅगेत किलोमागे ३,३०० किलोकॅलरी आणि ५२० रुपयांच्या बॅगेत ४,००० असतील, तर याच कुत्र्याचा रोजचा खर्च पहिल्या बॅगेत ७६ रुपये आणि दुसरीत ८२. किलोचा भाव तीस टक्क्यांनी जास्त, ताटातला फरक सहा रुपयांचा. स्वस्त पण कमी कॅलरीची बॅग लवकर संपते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण वजन शिजवण्याआधीचं. 'ताजं चिकन' पहिलं असेल तर त्यातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच. 'चिकन मील' म्हणजे वाळवून दळलेलं. नाव रुक्ष, पण ग्रॅममागे प्रोटीन जास्त. दुसरी युक्ती तुकड्यांची: तांदूळ, तांदळाची कणी, तांदळाचा कोंडा असे तीन ठिकाणी लिहिले की प्रत्येक खाली सरकतो आणि चिकन वर राहतं. तिघांना एकत्र धरून यादी पुन्हा वाचा. मग मीठ कुठे आहे ते बघा. मीठ सहसा एक टक्क्याच्या आतच असतं, म्हणून त्याच्यानंतर आलेलं सगळं त्याहून कमी. ब्लूबेरी, पालक, हळद, अश्वगंधा बहुधा या रेघेच्या खालीच सापडतात.

'बाय-प्रॉडक्ट नाही' याचीही फुशारकी मारतात. बाय-प्रॉडक्ट म्हणजे काळीज, फुफ्फुस, आतडी. आपल्याकडे ज्याला कलेजी आणि वजडी म्हणून चवीने खातात, त्याचंच नाव बॅगेवर आलं की नाक मुरडायचं कारण नाही. 'ग्रेन-फ्री'चंही तेच. धान्याच्या जागी बहुतेक वेळा वाटाणा, मसूर आणि बटाटा घालतात, पीठ काही जात नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न आणि औषध नियामक संस्थेने अशा आहाराचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. कारण सिद्ध झालेलं नाही, पण धान्याची ॲलर्जी डॉक्टरांनी सांगितलेली नसेल तर जादा पैसे कशाला?

घरात मांसाहार चालत नाही अशी कुटुंबं सोलापुरात पुष्कळ. कुत्रा नीट बनवलेल्या शाकाहारी पूर्ण आहारावर राहू शकतो. तिथेही 'कम्प्लीट'ची ओळ हवीच. मांजरावर हा प्रयोग नको.

शंका असेल तर बॅगेवरच्या ग्राहक सेवेला एवढंच लिहा: '१०० ग्रॅममागे किती किलोकॅलरी? कॅल्शियम आणि फॉस्फरस प्रत्यक्षात किती? ही रेसिपी कोणी बनवली, त्यांचं शिक्षण काय? कारखाना तुमचा की दुसऱ्याचा?' आकडे आले तर ठीक. 'आमचं खाद्य नैसर्गिक आणि प्रेमाने बनवलेलं आहे' असं उत्तर आलं तर दुसरी बॅग बघा.

सोलापूरच्या उन्हाचा हिशेब वेगळा मांडायला हवा. दाणे २७ अंशांच्या खाली ठेवावेत असा सल्ला असतो. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा ते घरात जमत नाही. दाण्यांवर फवारलेली चरबी उष्णतेने आणि हवेने खवट होते, जीवनसत्त्वंही घटतात. म्हणून उघड्या पोत्यातून तोलून दिलेले सुट्टे दाणे घेऊ नका. त्यांना ना बॅच नंबर, ना तारीख, आणि पोतं कधी फोडलं ते कुणालाच ठाऊक नसतं. रोज २०० ग्रॅम खाणाऱ्या कुत्र्याला १० किलोची बॅग ५० दिवस पुरते. उन्हाळ्यात ३ किलोचीच आणा. दाणे डब्यात ओतू नका. बॅगेतली हवा दाबून काढा, तोंड घट्ट गुंडाळा आणि बॅगेसकट झाकणाच्या डब्यात ठेवा. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीच्या जिन्यात नको. जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर फेकून द्या. भिजवलेले दाणे अर्ध्या-एक तासात उचला.

भाकरी द्यायची की नाही? द्या, पण मोजून. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी १७० किलोकॅलरीच्या घरात जाते. वरचं सगळं चिल्लर खाणं दिवसाच्या दहा टक्क्यांत बसवायचं असतं, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला चतकोर. कडक भाकरीचा तुकडा चालेल. शेंगाचटणी लागलेला नाही, त्यातला लसूण कुत्र्यामांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. कांद्याचंही तसंच.

नवं खाद्य एकदम बदलू नका, हगवण लागते आणि दोष खाद्याला जातो. दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. मग सहा-आठ आठवडे थांबा आणि बरगड्यांवरून हात फिरवा. तुमच्या पालथ्या हातावर जशी हाडं लागतात तशी लागली तर माप बरोबर. तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर दहा टक्के कमी करा, मुठीच्या गाठींसारखं टोचलं तर तेवढंच वाढवा. कारवानी या सडपातळ शिकारी जातीच्या कुत्र्याला मात्र हे माप तसंच लावू नका. त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या निरोगी असतानाही दिसतात, आणि त्या झाकायला म्हणून कुणी 'वजन वाढवणारी' पावडर विकत असेल तर ती दुकानातच राहू द्या.