लैंगिक अत्याचाराची तक्रार आणि कॅज्युअल्टीतला नवा डॉक्टर

‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ हे वाक्य तोंडून निघता कामा नये. तपासणीला आणि उपचारांना ना पत्र लागतं, ना एफआयआर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी-खाजगी प्रत्येक रुग्णालयाने उपचार लगेच आणि मोफत द्यायचे आहेत. ते नाकारले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

संमती १२ वर्षांपुढे पीडितेची स्वतःची, त्याखाली पालकांची. तपासणी, नमुने, पोलिसांना कळवणं, प्रत्येकाची वेगळी घ्या. तपासणीला ती नाही म्हणाली तरी उपचार थांबत नाहीत. सज्ञान बाईला तक्रार नको असेल तर एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करून तिचा नकार लिहून घ्या. वय १८ च्या आत असेल तर पॉक्सोच्या (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, घरचे कितीही विनवोत. हे तिला हिस्टरी (घटनेची हकीकत) घेण्याआधीच सांगा. मागाहून कळलं की विश्वास तुटतो.

बहुतेक नवे डॉक्टर अडकतात ते तपासणी अहवालातल्या अभिप्रायाच्या रकान्यात. ‘अंगावर इजा नाही, सबब अत्याचाराचा पुरावा नाही’ असं लिहून मोकळे होतात. आरोपीचा वकील पुढे नेमकी तीच ओळ कोर्टात वाचतो. इजा नसण्याची कारणं कितीतरी असतात: भीतीने अंग गोठलं, धमकी होती, गुंगीचं औषध दिलं, मधे दिवस गेले. वीर्य न सापडण्याचीही तशीच: कंडोम होता, अंघोळ झाली, बोट किंवा वस्तू वापरली. २०१३ पासून कायद्याच्या व्याख्येत हे शेवटचेही प्रकार बलात्कारच आहेत. बलात्कार झाला की नाही हे कोर्ट ठरवेल. तुम्ही एवढंच लिहा: ‘इजा आढळल्या नाहीत. घटनेला तीन दिवस झाले असून मधे अंघोळ झाली आहे. त्यामुळे लैंगिक अत्याचाराची शक्यता नाकारता येत नाही.’ हा तात्पुरता अभिप्राय. अंतिम अभिप्राय फॉरेन्सिक लॅबचा अहवाल आल्यावर.

असं लिहिता यावं म्हणून हिस्टरी तिच्याच शब्दांत, तिच्याच भाषेत घ्या. अंघोळ, लघवी, चूळ, कपडे बदलणं, सगळं विचारा. सीनियरच्या जुन्या रिपोर्टचा साचा उतरवून काढू नका. तो कितीही अनुभवी असो, त्या साच्यात ‘शरीरसंबंधाची सवय’ आणि ‘योनिपटल’ असले शेरे अजून ठाण मांडून बसलेले असतात. टू-फिंगर टेस्ट (योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी) तर करायचीच नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं आहे.

स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेले नमुने) घटनेपासून ९६ तासांपर्यंत घेता येतात. ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात सील करा. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. पाकीट कोणी, कधी, कोणाला दिलं याची सही हवीच.

औषधांना मात्र कागदपत्रांची वाट पाहायला लावू नका. गर्भधारणा टाळण्यासाठी लिव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिग्रॅ. जितकं लवकर तितकं चांगलं. तीन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा द्या. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस चालवायची.

तक्रार आपल्याच वॉर्डबॉयवर किंवा डॉक्टरवर असेल तर त्याला त्या वॉर्डातून तत्काळ हलवा. आतल्या चौकशीसाठी एमएलसी अडवू नका. मनोरुग्ण असली म्हणून ‘भ्रम आहे’ असं ठरवू नका. तिचीही तपासणी तीच, नोंदही तीच.

हे सगळं पहिल्या रात्री जमेलच असं नाही, घाबरू नका. तपासणीचा ठरावीक नमुना-अर्ज (प्रोफॉर्मा) समोर ठेवा, एकेक रकाना भरा, घाई करणाऱ्या हवालदाराला बाहेर बसवा. दोन दिवसांनी तिला पुन्हा बोलवा. काळेनिळे डाग कित्येकदा तेव्हाच उमटतात. तेही तारखेसह नोंदवा आणि अहवालाची प्रत तिच्या हातात मोफत द्या.