गडद रंगाची खोली: नाशिकच्या फ्लॅटमध्ये कशी जमवावी

गर्द हिरवा, निळीचा निळा, काळ्या द्राक्षाकडे झुकणारा जांभळा. शेडकार्डावर हे रंग भुरळ घालतात, पण घरात खोली देखणी होणार की कोंदट, ते भिंतीच्या तयारीवर आणि दिव्यांवर ठरतं. म्हणून शोभेच्या वस्तूंची खरेदी सगळ्यात शेवटी.

सुरुवात संध्याकाळनंतर वापरात येणाऱ्या खोलीपासून करा: बेडरूम किंवा जेवणाची जागा. चारही भिंती रंगवा. एकच भिंत गडद आणि तीन पांढऱ्या ठेवल्या, तर ती भिंत भगदाडासारखी दिसते.

आधी ओल

नाशिकला पावसाचा मारा पश्चिमेकडून बसतो, त्यामुळे त्या बाजूची भिंत नक्की तपासा. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून चिकटवा आणि 24 तास राहू द्या. भिंतीकडच्या बाजूने घाम दिसला तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूने दिसला तर हवेतली. भिंतीतली ओल असेल तर बाहेरच्या भेगा बुजवून भिंत पूर्ण वाळेपर्यंत थांबा. लोण्याचे, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणाऱ्या क्षारांचे, पांढरे डाग फिक्या रंगात खपून जातात, गडद रंगावर मात्र लांबूनही दिसतात. कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिलच्या उन्हाळ्यात रंग रोलरखालीच सुकतो आणि पट्टे पडतात.

पुट्टी आणि रंग

पुट्टीचे दोन पातळ हात द्या, 180 नंबरच्या आणि मग 320 च्या पॉलिश पेपरने घासा. दिवे बंद करून टॉर्च भिंतीला अगदी लागून आडवा धरा. प्रत्येक खड्डा, प्रत्येक पातीची रेघ सावली टाकते. तिथे पेन्सिलने खूण करून पुन्हा भरा. हे काम कंटाळवाणं आहे, पण खोलीचा खरा दर्जा इथेच ठरतो.

पांढऱ्याऐवजी राखाडी छटेचा प्रायमर मागा, नाहीतर गडद रंगाखालून पांढरं डोकावत राहतं. 10 × 12 फुटांच्या, 10 फूट उंच खोलीच्या भिंती 440 चौरस फूट होतात. दार-खिडक्या वजा जाता साधारण 380. एक लिटर इमल्शनमध्ये दोन हात धरून 120 चौरस फुटांच्या आसपास भागतं. गडद रंगाला बहुतेक वेळा तिसरा हात लागतो, म्हणून 5 लिटर घ्या. सगळे डबे एकाच बादलीत ओतून ढवळा. दोन डब्यांत छटेचा किंचित फरक असला तरी भिंतीवर जोड दिसतो. काम चालू असताना पंखा बंद ठेवा आणि एक भिंत मध्येच न थांबता पूर्ण करा.

पूर्ण मॅटवर हात घासल्याच्या चकचकीत खुणा राहतात, ग्लॉसमध्ये खड्डे दिसतात. लहान मुलं असतील तर हलकी चमक असलेला रंग बरा. छताला शुभ्र पांढरा नको, भिंतीच्याच रंगाची फिकी छटा द्या.

दिवे

छतावरची एकटी ट्यूब गडद खोलीची कळाच घालवते. त्याऐवजी 2700 ते 3000 केल्विनचे (म्हणजे पिवळसर, उबदार प्रकाशाचे), 5 ते 7 वॉटचे तीन-चार बल्ब वेगवेगळ्या उंचीवर लावा: जमिनीवर, टेबलावर, भिंतीवर. खोक्यावर सीआरआय (त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) 90 किंवा जास्त आहे का पाहा. कमी असेल तर हिरवा काळपट दिसू लागतो.

वस्तू

जुन्या वाड्याची सागवानी चौकट, भांडी बाजारातलं पितळी घंगाळ, येवल्याची जुनी पैठणी आणि आजचा साधा सोफा एकत्र छान नांदतात, फक्त एक धागा समान हवा. पितळ निवडलंत तर ते खोलीत किमान तीन ठिकाणी दिसू द्या. नाहीतर अडगळ वाटते.

लाकूड घरात आणण्याआधी उन्हात आपटा. बारीक भुसा पडला तर कीड आहे. लाकडाला जवसाचं तेल लावायला वापरलेली फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा. पैठणी फ्रेममध्ये लावताना डिंकाने चिकटवू नका, सुती कापडावर टाके घालून बसवा, काचेपासून थोडी दूर आणि उन्हाबाहेर.

उरलेला पाव लिटर रंग जपून ठेवा, झाकणावर शेडचा नंबर लिहा. ओरखडा पडला तर ब्रश नको, छोट्या रोलरनेच लावा. ब्रशचं ठिगळ गडद भिंतीवर लपत नाही.