जुनं सोल स्टेशन कसं बघावं: सुरुवात तिसऱ्या वर्गापासून

सहा वर्षं मी कोरियात सुवॉनला राहते, इथल्या एका प्रयोगशाळेत काम करते. घरून किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठातल्या ओळखीतून कोणी आलं, की पहिल्या रविवारी मी त्यांना एक नंबरच्या मेट्रोने सोलला नेते आणि जुन्या स्टेशनात घेऊन जाते. आता त्याला ‘कल्चर स्टेशन सोल २८४’ म्हणतात. आत प्रदर्शनं भरतात, नाचगाण्याचे कार्यक्रम होतात, मुलांच्या कार्यशाळा असतात, आणि बहुतेक वेळा तिकीट नसतं.

पण लोक आत येतात, मान वर करून घुमटाचे दोन फोटो काढतात, प्रदर्शनातून एक चक्कर मारतात आणि वीस मिनिटांत बाहेर पडतात. मला फार वाईट वाटतं. सगळ्यात मोठी वस्तू तर ती इमारतच आहे, आणि ती बघायचा एक क्रम आहे. तो मी इथे लिहून ठेवते आहे. दोन तास हाताशी ठेवा.

आधी जाण्याचं. सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतं. मी पहिल्यांदा सोमवारीच गेले होते आणि कुलूप बघून परत आले. दुसरं म्हणजे एक प्रदर्शन उतरवून दुसरं लावायचं चालू असतं तेव्हाही बऱ्याच खोल्या बंद असतात, म्हणून निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर काय चालू आहे ते बघून घ्या. रस्ता शोधायला नेव्हर मॅप वापरा, गूगलच्या नकाशावर इथे पायी वाट नीट मिळत नाही. विमानतळावरून येत असाल तर इंचॉनहून सुटणारी गाडी सुमारे तासाभरात सोल स्टेशनला आणते, मात्र तिचा फलाट जमिनीखाली सात मजले आहे. सरकते जिने चढताचढताच दहा मिनिटं जातात, तेवढी धरून चला. मेट्रोच्या दोन नंबरच्या दाराने वर आलात की समोर काचेचं नवं स्टेशन आणि त्याला खेटून लाल विटांचं जुनं दिसेल.

लगेच आत जाऊ नका. चौकात आधी एक पुतळा बघायचा आहे. अंगात लांब कोरियन अंगरखा, हातात बाँब, असे हे म्हातारे गृहस्थ म्हणजे कांग ऊ-ग्यू. तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं. २ सप्टेंबर १९१९ रोजी जपानचा नवा गव्हर्नर-जनरल साइतो माकोतो याच जागी गाडीतून उतरला, तेव्हा त्यांनी त्याच्यावर बाँब फेकला. साइतो वाचला, कांग पकडले गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना फाशी झाली. वय साठीच्या पुढे. पुण्याच्या गणेशखिंडीची आणि चापेकरांची आठवण आपल्याला न सांगता होते. मी पुतळ्यापुढे दोन मिनिटं तरी उभी राहते. ही इमारत कोणी, कोणाच्या मुलखात बांधली, हे मनात ठेवून आत गेलेलं बरं.

या चौकात बेघर माणसं बसलेली, झोपलेली असतात, थंडीत उणे दहा असलं तरी. त्यांचे फोटो काढू नका.

आता दर्शनी भाग. १९२२ साली बांधकाम सुरू झालं आणि १९२५ साली स्टेशन खुलं झालं. आराखडा त्सुकामोतो यासुशी या टोकियोच्या प्राध्यापकाचा म्हणून ओळखला जातो. तेव्हा नाव होतं केइजो, म्हणजे सोलचं जपानी नाव. इथून निघालेला माणूस मांचुरियातून सैबेरियाची गाडी धरून थेट युरोपात पोचू शकत असे. स्वातंत्र्यानंतर, १९४७ मध्ये, ‘सोल स्टेशन’ हे नाव आलं. दर्शनी भिंतीवरचं मोठं घड्याळ बघा. त्याला ‘पाबालमा’ म्हणतात. पूर्वी सरकारी निरोप घेऊन धावणाऱ्या जासुदाच्या घोड्याचं हे नाव. किती सुंदर नाव दिलंय!

१९८१ मध्ये इमारत ऐतिहासिक स्थळ क्रमांक २८४ म्हणून नोंदली गेली, नावातला आकडा तिथून आला. २००४ मध्ये वेगवान केटीएक्स गाड्या सुरू झाल्या, कारभार शेजारच्या काचेच्या स्टेशनात गेला आणि ही वास्तू रिकामी पडली. गंमत म्हणजे त्याच २००४ साली आपल्या सीएसएमटीला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. आपलं स्टेशन गाड्या सांभाळत वारसा झालं, हे गाड्या गेल्यावर कलेचं घर झालं. २००९ ते २०११ दुरुस्ती करून इमारत जवळजवळ १९२५ च्या रूपात आणली आणि लोकांसाठी उघडली.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जपान्यांनी १९२६ मध्ये पूर्ण केलेली गव्हर्नर-जनरलची भव्य कचेरी कोरियन लोकांनी १९९५ मध्ये पाडायला घेतली, आणि ते काम स्वातंत्र्यदिनी सुरू केलं. स्टेशन मात्र ठेवलं. का, याचं माझं उत्तर साधं आहे. कचेरीत राज्यकर्ते बसत, स्टेशनातून लोक ये-जा करत. गावाकडून नोकरीला आलेली मुलगी, सणाला घरी निघालेलं कुटुंब, युद्धात पांगलेली माणसं, सगळ्यांची पावलं इथे उमटलेली आहेत. कोणी बांधलं यापेक्षा कोणी वापरलं ते मोठं ठरलं. तुमचं मत वेगळं असू शकेल, पण आत फिरताना हा प्रश्न सोबत असू द्या.

दारातून आत आलात की मधला मोठा दिवाणखाना लागतो. बारा दगडी खांब, वर घुमट. इथे थांबायचा मोह आवरा आणि सरळ तिसऱ्या वर्गाच्या प्रतीक्षागृहात जा. पाटीवर ‘सामदुंग देहापशिल’ असं काहीसं वाचाल, साम म्हणजे तीन.

हा या इमारतीतला माझा सर्वांत आवडता भाग. मोठा, उंच छताचा, साधा. प्रदर्शनाच्या मोठ्या वस्तू बहुधा इथेच मांडतात, कारण जागा इथेच आहे. पण क्षणभर त्या वस्तू विसरा आणि खोलीच्या मधोमध उभं राहून ती भरलेली असेल तेव्हा कशी असेल ते डोळ्यांसमोर आणा. गाठोडी, पोरं, रडारड, ओल्या कोटांचा वास. माझे आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते, बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळांवरच्या गाड्या त्यांच्या हाताखालून जायच्या. ते सांगायचे, मुसाफिरखान्यात पंढरीचे वारकरी झोपलेले असले की पाय ठेवायला जागा नसायची, आणि पलीकडे वरच्या वर्गाची खोली रिकामी. आपल्याकडे तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला, पण आजोबांच्या बोलण्यातून तो कधी गेला नाही. म्हणून मी इथून सुरुवात करते. इथल्या बहुतेक माणसांना ही एवढीच खोली माहीत होती.

मग इथून पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रतीक्षागृहात जा. जाताना मधला दिवाणखाना ओलांडावा लागतो, तो तसाच ओलांडा. पोचलात की फरक लगेच कळेल. खोली लहान, निवांत, लाकूडकाम नाजूक. शेजारी बायकांसाठी वेगळी खोली. पुढे स्टेशनमास्तरची खोली, आणि मग बड्या पाहुण्यांची. तिथे शेकोटीची जागा आहे. या दोन-चार खोल्या रांगेने बघा आणि प्रत्येक दारात मागे वळून बघा, दार किती रुंद आहे आणि एका वेळी किती माणसं जातील. वर्ग चढत जातो तशी खोली माणसांनी कमी आणि सामानाने जास्त भरत जाते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, पाचव्या-सहाव्या फेरीत पायांनी कळलं. आज या सगळ्या दारांतून कोणीही, काही न देता, हव्या त्या क्रमाने जातं. शाळेची पोरं बड्या पाहुण्यांच्या खोलीत मांडी घालून चित्रं काढतात.

आता मधल्या दिवाणखान्यात परत या आणि मान वर करा.

घुमटाच्या मध्यभागी रंगीत काच आहे. मूळची काच कोरियन युद्धात फुटली. आताची दुरुस्तीच्या वेळी बसवलेली आहे, आणि तिच्यातली कल्पना ‘गांगगांगसुल्ले’वरून घेतली आहे. सुगीच्या पौर्णिमेला बायका हातात हात धरून चंद्राखाली फेर धरतात आणि गातात, तो हा नाच. दक्षिण-पश्चिम किनाऱ्याकडचा. गेल्या वर्षी मी आईला घेऊन गेले होते. तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती बराच वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, हा तर हादगाच की. मधे हत्ती तेवढा राहिला.” मी तिला नाचाबद्दल सांगितलं तेव्हा तिने विचारलं, खिरापत काय असते यांची? मला सांगता आलं नाही. नंतर प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला विचारलं, तर तिने पाइनच्या पानांवर वाफवलेल्या तांदळाच्या करंज्यांबद्दल सांगितलं, सोंगप्यॉन. त्या सणाला त्या असतातच. आईला फोन करून कळवलं.

घुमटाखाली शक्य असेल तर दिवसा उभं राहा.

वरच्या मजल्यावर जाणं अनेकजण चुकवतात. तुम्ही चुकवू नका. वर दोन गोष्टी आहेत. एक ‘ग्रिल’, कोरियातल्या सुरुवातीच्या पाश्चात्त्य पद्धतीच्या खाणावळींपैकी एक, हीही १९२५ ची. मोठं दालन आहे, आता तिथे व्याख्यानं आणि कार्यक्रम होतात. ते एक नजर टाकून बघा आणि पुढे चला, कारण दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे.

ती म्हणजे जुनं न्हाव्याचं दुकान, ‘इबालसो’. दुरुस्ती करणाऱ्यांनी ही खोली मुद्दाम गुळगुळीत केली नाही. भिंत सोलून ठेवली आहे. आत विटा, त्यावर गिलावा, कुठे लाकडी पट्ट्या, आणि इमारतीतून निघालेले जुने तुकडे मांडलेले. खाली जे सगळं नवंकोरं आणि देखणं दिसलं, त्याच्या पोटात काय आहे ते इथे दिसतं. आई भिंतीच्या अगदी जवळ गेली, हात न लावता. पट्ट्यांवर थापलेला गिलावा बघून म्हणाली, “कुडासारखंच केलंय. आमच्या चुलत्यांच्या वाड्यात माळ्याची भिंत अशी होती, वरून सारवलेली.” मी या खोलीत आठ-दहा वेळा उभी राहिले होते, मला कूड सुचला नव्हता. म्हणून माझी सूचना अशी: सोबत घरातलं एखादं वयस्क माणूस असेल तर जिने हळूहळू चढवा, पण त्यांना या खोलीपर्यंत आणाच. बांधकाम हाताने केलेली, निदान बघितलेली माणसं इथे जे ओळखतात, ते माहितीफलकावर नसतं.

ही खोली बघून झाली की मगच प्रदर्शन बघा. काय असेल ते मी सांगू शकत नाही, दर खेपेला वेगळं असतं. कधी हस्तकला, कधी मांडणशिल्प, कधी छपाई. एवढं सांगते, की कलावंताने जी खोली निवडली ती का निवडली असेल, हे स्वतःला विचारा. चांगलं प्रदर्शन खोलीशी बोलतं. बाजूच्या भागात ‘आरटीओ’ नावाचं लहान नाट्यगृह आहे. नाव ऐकून आपल्याला गाडीचा परवाना आठवतो, पण युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याची रेल्वे वाहतूक कचेरी तिथे होती, तिचं हे नाव. कार्यक्रम असेल तर बसा, नसेल तर सोडून द्या.

लहान मुलं असतील तर त्यांना एक काम द्या: प्रत्येक खोलीत कमानी मोजायला सांगा. कंटाळत नाहीत.

शेवटी, अंधार पडायच्या बेताला, सोललो ७०१७ वर चढा. १९७० मध्ये बांधलेला हा मोटारींचा उड्डाणपूल २०१७ मध्ये पायी चालायची बाग म्हणून उघडला, म्हणून सत्तर आणि सतरा. गोल कुंड्यांमध्ये चोवीस हजारांच्या आसपास झाडं आहेत, कोरियन मुळाक्षरांच्या क्रमाने लावलेली. पुलाच्या मध्यावर कठड्याशी उभं राहिलं की एका बाजूला जुन्या स्टेशनचा घुमट दिसतो आणि खाली रूळ. दिवे लागताना विटांचा रंग बदलतो. इथे घाई करू नका, थंडी असेल तर खालून गरम कॉफी घेऊनच वर या.

आईला घुमटापेक्षा रुळांचं वेड लागलं होतं. खालून एक केटीएक्स हळूहळू निघाली. लहानपणी कुर्डुवाडीला करायची तसं आई बोट धरून डबे मोजायला लागली. दोन्हीकडची इंजिनं धरून वीस भरले.