वायरचा माऊस सोडून वायरलेस माऊस घेताना या चुका टाळा

वायरचा माऊस काढून वायरलेस माऊस लावला की पहिले काही दिवस टेबल मोकळे वाटते. मग एके दिवशी कर्सर मध्येच अडकू लागतो, कधी झटके देत सरकतो, तर कधी काही क्षण जागचा हलतच नाही. अशा वेळी माऊसच खराब निघाला असे समजून अनेक जण तो परत करतात किंवा पुन्हा वायरकडे वळतात. मी तपासलेल्या अशा माऊसपैकी बरेचसे मुळात ठीक होते. वायर दोन कामे करत असते: ती संगणकाकडून माऊसला वीज आणते आणि माऊसची हालचाल संगणकापर्यंत पोहोचवते. वायर गेली की या दोन्ही कामांची काळजी वापरणाऱ्याला घ्यावी लागते, आणि खाली सांगितलेल्या बहुतेक चुका या दोहोंपैकी एखाद्या कामाकडे दुर्लक्ष झाल्यानेच घडतात.

रिसीव्हर कुठे लावला आहे?

सर्वांत जास्त त्रास देणारी आणि सर्वांत कमी ओळखली जाणारी चूक म्हणजे रिसीव्हर, म्हणजे माऊसचे संदेश पकडून संगणकाला देणारा त्याच्यासोबतचा छोटा तुकडा, हाताला येईल त्या यूएसबी पोर्टमध्ये खोचून देणे. नखाएवढा हा रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील रेडिओलहरींवर माऊसशी बोलतो. याच पट्ट्यात वाय-फायचा एक भाग आणि ब्लूटूथही चालते. त्यात रिसीव्हर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला आणि कॅबिनेट टेबलाखाली असेल, तर माऊस आणि रिसीव्हर यांच्यामध्ये पत्र्याची एक अख्खी पेटी येते. डब्यावर दहा मीटर अंतराचा दावा असला, तरी तो मोकळ्या जागेसाठी असतो.

याहून फसवा प्रकार यूएसबी ३.० चा, म्हणजे यूएसबीच्या अधिक वेगवान आवृत्तीचा आहे. एका लॅपटॉपवर मी तो जवळून पाहिला. माऊस सकाळभर उत्तम चालत असे आणि दुपारी बिघडत असे, त्यामुळे सेल बदलून झाले, ड्रायव्हर पुन्हा टाकून झाला, पॅडही बदलून झाले. शेवटी लक्षात आले की दुपारी रोज बाहेरची हार्ड डिस्क जोडून फायलींची प्रत घेतली जात होती आणि त्या डिस्कची केबल रिसीव्हरच्या अगदी शेजारच्या पोर्टमध्ये होती. प्रत सुरू झाली की कर्सर अडखळायचा आणि प्रत पूर्ण होताच, जणू काही झालेच नाही असा, सरळ चालू लागायचा. यामागचे कारण ठाऊक असलेले आहे: यूएसबी ३.० ची जोडणी सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती पाठवते आणि तिच्यातून निर्माण होणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ साली याच विषयावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते आणि त्यात वायरलेस माऊसचा उल्लेख होता.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. निळ्या रंगाच्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टमध्ये रिसीव्हर लावला म्हणून तो बिघडत नाही. त्याच्या शेजारी यूएसबी ३.० वर चालणारे उपकरण काम करू लागले की अडचण येते. म्हणून रिसीव्हर आणि हार्ड डिस्क लॅपटॉपच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना लावावीत. ते शक्य नसेल, तर साध्या यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबलने रिसीव्हर माऊसजवळ, टेबलाच्या वर आणावा. पुन्हा वायर आलीच की, असे वाटेल. परंतु ती टेबलावर पडून राहते, हाताबरोबर ओढली जात नाही. माझ्या मते सर्व उपायांत हाच सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा आहे. राउटर टेबलावरच असेल, तर संगणकाचे वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेल्यानेही फरक पडतो.

सेलच्या बाबतीत होणाऱ्या चुका

माऊस पहिल्याच दिवशी चालू झाला नाही, तर सेलच्या टोकावरची प्लास्टिकची पट्टी ओढून काढली आहे का आणि पोटाकडचे बटण चालू आहे का, हे आधी पाहावे. रिसीव्हर सापडत नसल्यास सेलच्या कप्प्यात शोधावा, कारण पुष्कळ माऊसमध्ये त्यासाठी तेथे खाच केलेली असते.

यापुढची चूक रिचार्ज होणाऱ्या सेलची आहे. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो, तर निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचा रिचार्ज होणारा सेल १.२ व्होल्टचा. माऊस त्यावर बहुधा व्यवस्थित चालतो. मात्र अशा सेलचा विजेचा दाब (व्होल्टेज) बराच काळ जवळपास तेवढाच राहतो आणि शेवटी एकदम खाली येतो, त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या बॅटरीच्या आकड्यावर विसंबून राहता येत नाही. कर्सर अडखळू लागला की आकडा काय सांगतो याची वाट न पाहता सेल बदलून पाहावा. दोन सेल लागत असतील, तर एक नवा आणि एक जुना अशी जोडी लावू नये.

माऊस काही महिने वापरायचा नसेल, तर अल्कलाइन सेल आत ठेवू नये. सेल पाझरला की त्यातले पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते, स्प्रिंगवर पांढरा खरपुडा धरतो आणि सेल नवा असूनही माऊस निपचित पडतो. हा थर हाताने खरवडू नये. कापसाच्या काडीला थोडेसे व्हिनेगर लावून तो पुसावा, मग ओलसर काडीने पुन्हा पुसून कप्पा पूर्ण कोरडा होऊ द्यावा. स्प्रिंगचा धातूच खाल्ला गेला असेल, तर मात्र उपाय नाही. आतली बॅटरी चार्ज होणारा माऊस घेतल्यास ही कटकट उरत नाही. तेथे एवढेच ध्यानात ठेवावे की काही केबल केवळ चार्जिंगच्या असतात. त्यांनी बॅटरी भरते, पण त्याच केबलवर माऊस वायरने चालवू गेल्यास तो संगणकाला दिसतच नाही.

काही मिनिटे हात लावला नाही की माऊस वीज वाचवण्यासाठी झोपतो आणि पहिल्या हालचालीला किंचित उशिरा जागा होतो. हा बिघाड नव्हे. परंतु काम सुरू असतानाच माऊस मध्ये मध्ये तुटत असेल, तर दोष संगणकाच्या वीजबचतीतही असू शकतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट या भागात, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा संगणकाला देणारी खूण असते. ती काढून पाहावी. माऊस ब्लूटूथचा असेल, तर ब्लूटूथ अडॅप्टरच्या नोंदीतही तेच करावे.

ब्लूटूथचा माऊस

ब्लूटूथच्या माऊसला रिसीव्हर लागत नाही, एक पोर्ट मोकळे राहते आणि म्हणून तो अधिक सोयीचा वाटतो. मात्र हा माऊस जोडून होण्यापूर्वीच जुना माऊस काढून ठेवण्याची चूक पुष्कळांकडून होते. पेअरिंगसाठी, म्हणजे माऊस आणि संगणक यांची पहिली जोडणी करण्यासाठी, सेटिंग्जमध्ये जावे लागते आणि तेथे क्लिक करायला माऊसच नसतो. टॅब आणि एंटरच्या आधाराने काम निभावता येते, पण त्यापेक्षा नवा माऊस चालू लागेपर्यंत जुना लावून ठेवणे बरे. शिवाय माऊस नुसता चालू करणे पुरेसे नाही. जोडणीचे बटण दिवा भरभर लुकलुकेपर्यंत दाबून धरावे लागते. पूर्वी दुसऱ्या संगणकाशी जोडलेला माऊस आधी त्या जुन्या संगणकाकडेच धाव घेतो, म्हणून तेथील नोंद काढून टाकावी.

उशीर जाणवेल या भीतीने ब्लूटूथ टाळण्याची गरज नाही. कार्यालयीन वापराचा साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी, आपली जागा कळवतो आणि ब्लूटूथ लो एनर्जी या कमी वीज खाणाऱ्या प्रकारात हे अंतर ७.५ मिलिसेकंदांपर्यंत खाली येऊ शकते. चुरशीचे गेम खेळणाऱ्याने मात्र सेकंदाला १,००० वेळा जागा कळवणारा रिसीव्हरचाच माऊस घ्यावा.

आणखी काही बारीक गोष्टी

काचेच्या टेबलावर कर्सर उड्या मारतो, त्याचा वायरलेस असण्याशी संबंध नाही. माऊसखालचा संवेदक पृष्ठभागाची सतत चित्रे टिपतो आणि पारदर्शक काचेवर त्याला धरायला काही खूण मिळत नाही. कापडी पॅड घातले की प्रश्न मिटतो. एका क्लिकला दोन क्लिक होत असतील, तर तो बटणाखालच्या स्विचचा दोष आहे आणि रिसीव्हर हलवून तो सुटणार नाही.

जुना रिसीव्हर-माऊस कोणाकडून घेतला असेल, तर त्याचे फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतच असलेले सॉफ्टवेअर, अद्ययावत करून घ्यावे. २०१६ साली बॅस्टिल या सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी ‘माऊसजॅक’ नावाची त्रुटी उघड केली होती. अनेक कंपन्यांच्या रिसीव्हरमध्ये ती होती आणि तिच्या आधारे दुरून संगणकात कीबोर्डच्या कळा दाबल्यासारख्या आज्ञा घुसवता येत होत्या. माऊसचे संदेश सांकेतिक रूपात पाठवले जात नसल्याने हे शक्य झाले होते. ब्लूटूथच्या माऊसना ती लागू नव्हती.

एवढे करूनही माऊस अडखळत राहिला, तर तोच माऊस त्याच रिसीव्हरसह दुसऱ्या संगणकावर, रिसीव्हर समोर आणि हातभर अंतरावर ठेवून, तासभर वापरून पाहावा. तेथेही तोच त्रास झाला तर दोष माऊसचा आहे आणि तो खुशाल परत करावा. परत करताना रिसीव्हर सोबत द्यायला विसरू नये, कारण एका माऊसचा रिसीव्हर बहुधा दुसऱ्याला चालत नाही. वायरचा जुना माऊस मात्र खणात जपून ठेवावा: संगणक सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, जायची वेळ आली, तर तेथे ब्लूटूथचा माऊस सहसा चालत नाही आणि तेव्हा हाच उपयोगी पडतो.