थंडीआधी सुल्काटा कासवाचं रात्रीचं घर: तयारीची यादी

थंडी सुरू व्हायच्या निदान महिनाभर आधी कामाला लागा, आणि पहिल्यांदा आपलं कासव कोणत्या जातीचं आहे याची खात्री करून घ्या. ग्रीक किंवा रशियन कासवं शीतनिद्रेत जातात. सुल्काटा जात नाही. सहाराच्या दक्षिण कडेवरचा हा प्राणी आपल्या मुलखात खोल बीळ खणून राहतो, पण गार, ओलसर मातीतलं बीळ त्याला ऊब देणार नाही. गारवा आणि ओल एकत्र आली की श्वसनाचा आजार ठरलेलाच. म्हणून त्याच्यासाठी बिळाइतकंच अरुंद, बंदिस्त आणि कोरडं घर बांधायचं आहे.

एका मोठ्या कासवाला ४ बाय ४ फूट जागा आणि २ फूट उंची बहुतेक वेळा पुरते. हीटरची जागा सोडून त्याला आत पूर्ण वळता आलं पाहिजे, एवढंच बघा. प्रेमापोटी मोठी खोली बांधू नका, तेवढी हवा रात्रभर तापवत बसावी लागते. भिंती, तळ आणि झाकण, सगळीकडे दोन प्लायवूडच्या मध्ये दीड इंची फोमची शीट बसवा. फोम कुठेही उघडा राहू देऊ नका, कासव तो कुरतडून खातं. तळ विटांवर उचलून घ्या, सांधे सिलिकॉनने भरा, झाकणाला बिजागऱ्या आणि कडेने रबरी पट्टी लावा. दार कवचापेक्षा थोडंसंच रुंद ठेवा, त्यावर एकमेकींवर चढणाऱ्या जाड प्लास्टिकच्या पट्ट्या सोडा आणि रात्रीसाठी बाहेरून फळी लावा.

आता ऊब. इथे घाई करू नका, कारण जीव जातात ते याच चुकीने. वरून दिवा टांगू नका. मोठ्या कासवाची पाठ दिव्याच्या फार जवळ येते, कवच वरून भाजतं आणि पोटाकडची बाजू गारच राहते. शिवाय खाली सुकं गवत, म्हणजे आगीला आमंत्रण. रॉकेल किंवा गॅसची शेगडी तर आत कधीच नको. छोटा ऑइल हीटर घ्या, तोही फिरवायच्या खटक्याचा. बरेचसे डिजिटल हीटर वीज गेली की परत आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत, हे पुष्कळांना पहाटेच कळतं. हीटर वेगळ्या थर्मोस्टॅटवर लावून तापमान २७ अंशांच्या आसपास ठेवा. सेन्सर कासवाच्या पाठीच्या उंचीवर, हीटरपासून लांब. हीटरपुढे जाड लाकडाचा कठडा स्क्रूने पक्का करा. चाळीस किलोचं कासव कोपऱ्यात शिरायचं ठरवलं की खिळे उपसून काढतं, मी ते पाहिलंय. वायर वरून न्या आणि विजेच्या जोडणीला आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

सगळं जमलं की घर चार-पाच रात्री रिकामंच चालवा. किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा आणि सकाळी रात्रीचा सर्वांत कमी आकडा वहीत लिहा. तो २४ च्या खाली गेला असेल तर हीटर वाढवण्याआधी फट शोधा, बहुतेकदा ती दारापाशीच सापडते.

मग कासवाला सवय लावायची. संध्याकाळी ते बाहेरच कुठेतरी झुडपात डोकं खुपसून बसतं. अंधार पडायच्या आत रोज त्याला दाराशी नेऊन आत ढकला. दोनेक आठवड्यांत बहुतेक स्वतःहून जाऊ लागतात, तरी दार लावण्याआधी आत वाकून पाहायचंच. सकाळी कवचावर आणि मागच्या पायावर हात ठेवा, दोन्ही उबदार लागले पाहिजेत. ऊन आलं की दार उघडा, पावसाळी गार दिवशी त्याला आतच राहू द्या.

थंडीआधी एकदा वजन करून ठेवा. नाकातून बुडबुडे किंवा तोंड उघडं ठेवून श्वास दिसला तर वाट न पाहता सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. त्यांचा नंबर आत्ताच झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.