डीबीटी नेमकी कुणासाठी असते आणि आपल्याला लागू पडेल का ते कसं बघायचं

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा मेसेज आला, ताई डॉक्टर म्हणाले डीबीटी करून बघ, मी नेटवर शोधलं तर सगळीकडे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर लिहिलंय, म्हणजे मला तो आजार आहे का गं? पोरगी घाबरली होती. (डीबीटी म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, उफाळणाऱ्या भावना हाताळायला शिकवणारी मानसोपचाराची एक पद्धत. आणि बॉर्डरलाइन म्हणजे भावना, नाती आणि स्वतःबद्दलचं मत सतत टोकाला जाण्याचा मानसिक आजार.) तिला अकरा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली, तीच आता जरा नीट लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, पण वर्षभर डीबीटीच्या स्किल्स ग्रुपमध्ये, म्हणजे भावना हाताळायची कौशल्यं शिकवणाऱ्या वर्गात, बसलेली आहे, त्यामुळे आतून कसं असतं ते माहितीये.

तर सगळ्यात आधी, आजाराच्या नावावरून सुरुवात करू नका. स्वतःच्या भावना कशा वागतात ते बघा. दूध तापायला ठेवलंय, बाकीच्यांचं सावकाश वर येतं आणि आपलं मात्र नजर हलली की भस्सकन उतू जातं, वर गॅस बंद केल्यावरही कितीतरी वेळ खाली बसत नाही. असं असेल, आणि त्या उतू जाण्याच्या वेळेत आपण असं काहीतरी करत असू ज्याने नुकसान होतं (स्वतःला इजा करणं, दारू, बकाबका खाणं, रात्री दोनला नातं तोडणारे मेसेज), तर डीबीटीबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा.

हे बघायचं कसं, तर दोन आठवडे वहीत रोज चार गोष्टी लिहायच्या. काय घडलं, भावना शून्य ते पाचमध्ये किती चढली, तेव्हा काय करावंसं वाटलं आणि खरं काय केलं, आणि परत नॉर्मलला यायला किती वेळ लागला. डीबीटीत याच्यासारखंच डायरी कार्ड असतं, थेरपिस्ट दर आठवड्याला ते बघूनच सेशन सुरू करतात. निबंध नको, भाजीच्या यादीसारखं लिहा.

आता बॉर्डरलाइनचंच नाव सगळीकडे का येतं, तर त्याचं कारण इतिहासात आहे. मार्शा लिनेहान नावाच्या मानसशास्त्रज्ञ, अमेरिकेत सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात, त्या वारंवार आत्महत्येचे प्रयत्न करणाऱ्या बायकांसोबत काम करत होत्या. नेहमीची सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) वापरली की पेशंटना वाटायचं, म्हणजे सगळी चूक माझीच. नुसतं समजून घेत बसलं तर आयुष्य तिथल्या तिथेच. मग त्यांनी दोन्ही एकत्र आणून डीबीटी बनवली, तू आत्ता जशी आहेस ते समजण्यासारखं आहे आणि तुला बदलावंही लागणार आहे. ही दोन टोकं एकाच वेळी खरी, हाच तो डायलेक्टिकल शब्दाचा अर्थ, बाकी त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पहिला महत्त्वाचा अभ्यास १९९१ला आला, तो बॉर्डरलाइन असलेल्या बायकांवरच होता, म्हणून ते नाव चिकटलं. आणि २०११मध्ये लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितलं की त्या स्वतः सतराव्या वर्षी मनोरुग्णालयात दाखल होत्या. मला हे कळलं तेव्हा या थेरपीवर एकदम भरवसा बसला, का ते सांगायला नको.

तर बॉर्डरलाइनसाठी पुरावा सगळ्यात भक्कम. २००६चा एक अभ्यास आहे, शंभरेक बायका, दोन वर्षं, अर्ध्यांना डीबीटी आणि अर्ध्यांना त्या भागातल्या नावाजलेल्या थेरपिस्टची ट्रीटमेंट, तर डीबीटीवाल्यांत आत्महत्येचे प्रयत्न जवळजवळ निम्मे झाले.

स्वतःला इजा करणाऱ्या किशोरवयीन मुलांसाठी वेगळं रूप आहे आणि ते मला फार आवडतं कारण त्यात आईबापांनाही क्लासला बसवतात!! आपल्याकडे पोरगी रडली की "एवढ्या तेवढ्यावरून काय नाटकं" हे वाक्य ठरलेलं. लिनेहान यांचं म्हणणंच असं की जन्मतः हळवा स्वभाव आणि त्या हळवेपणाला सतत खोटं ठरवणारं घर या दोन्हींच्या घर्षणातून हा त्रास वाढतो. म्हणजे आईबाप वाईट असतात असं नाही हां, पण त्यांनाही शिकावं लागतं.

बुलिमिया (भरपूर खाऊन मग उलटी वगैरे करून ते काढून टाकणं) आणि बिंज इटिंगमध्येही (ताबा सुटून खात सुटणं) उपयोग होतो, कारण तिथे खाणं हे बऱ्याचदा भावना दाबायचं साधन असतं. वजन धोकादायक कमी झालं असेल तर मात्र आधी शरीर सावरायचं. व्यसनासाठी पण डीबीटी वापरतात, त्यात भूमिका अशी की आज अजिबात घ्यायची नाही हे पक्कं, पण पाय घसरलाच तर स्वतःला शिव्या घालत बसायचं नाही, लगेच परत उठायचं. लहानपणच्या अत्याचारानंतरच्या पीटीएसडीसाठी (जुना आघात परत परत छळत राहण्याचा आजार) जर्मनीत मानहाइमला मार्टिन बोहुस यांच्या टीमने खास डीबीटी बनवली, तिचा मोठा अभ्यास २०२०मध्ये आलाय. डिप्रेशन, मोठ्यांमधलं एडीएचडी (लक्ष न टिकणं, उतावीळपणा), इथे स्किल्सचा फायदा होतो पण पुरावा त्या मानाने कमी. बायपोलरमध्ये (मूड कधी खूप चढतो, कधी खूप पडतो) औषधं पहिली, डीबीटी जोडीला.

आणि कुठे पहिली निवड नाही? ओसीडीला (तेच तेच विचार आणि त्यामुळे तेच तेच करत राहणं) ईआरपी नावाची वेगळी पद्धत आहे, भीतीला सामोरं जायचं पण ती नेहमीची कृती करायची नाही, पॅनिक आणि फोबियाला साधी सीबीटी बरी, स्किझोफ्रेनियाला औषधं लागतातच. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. अजून एक, जे लोक उतू जात नाहीत, उलट सगळं आत घट्ट झाकून ठेवतात, त्यांच्यासाठी थॉमस लिंच यांनी रॅडिकली ओपन डीबीटी म्हणून वेगळीच शाखा काढलीये.

आता थेरपिस्ट शोधताना. पूर्ण डीबीटी म्हणजे चार गोष्टी, आठवड्याला एक वैयक्तिक सेशन, आठवड्याला एक स्किल्स ग्रुप (हा अगदी शाळेसारखा असतो, होमवर्क असतो, आणि न केल्यास विचारतात), अडचणीच्या वेळी फोनवर कोचिंग, आणि थेरपिस्टची आपापसात टीम. स्किल्सचा एक फेरा साधारण २४ आठवड्यांचा, बरेच जण तो दोनदा करतात म्हणजे वर्ष झालं. त्यामुळे पहिल्या फोनवरच विचारा की ग्रुप आहे का, डायरी कार्ड वापरता का, सेशनच्या मध्ये फोन करता येतो का. मी आधी एका ठिकाणी चार महिने "डीबीटी" घेतली तिथे ग्रुपही नव्हता, कार्डही नव्हतं, फक्त गप्पा आणि श्वास घ्या श्वास सोडा. पैसे गेले ते गेलेच. आपल्याकडे चारही गोष्टी मिळणं अवघड आहे हे खरं, पण निदान काय मिळतंय ते आधी कळू दे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी नंबर मागा, त्यात लाजायचं काही नाही, गॅसवाल्याचं ओळखपत्र बघतोच की आपण.

तोवर घरी एक स्किल करून बघता येईल. भावना पाचवर असताना विचार करून काही होत नाही, आधी शरीर खाली आणायचं. बादलीत किंवा मोठ्या पातेल्यात गार पाणी, श्वास रोखून चेहरा साधारण तीस सेकंद बुडवायचा, डोळे आणि गालाचा वरचा भाग पाण्यात गेला पाहिजे. पाण्यात बुडी मारल्यावर हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात, तीच यंत्रणा इथे चालू होते. हृदयाचा आजार, ठोके कमी करणारी गोळी किंवा खाण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मी पहिल्यांदा केलं तेव्हा आई म्हणाली हे काय नवीन, पण दोन मिनिटांनी मी तिच्याशी न ओरडता बोलत होते. याने प्रॉब्लेम सुटत नाही हां, फक्त तो वाढवण्यापासून आपण वाचतो.

जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र वही, पातेलं सगळं बाजूला, घरातल्या कुणाला तरी लगेच सांगा आणि एकटे राहू नका, जवळच्या हॉस्पिटलमध्ये जा. टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. पोलीस केस होईल म्हणून लोक लपवतात, पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

बहिणीने परवा वहीच्या पहिल्या चार दिवसांचा फोटो पाठवला. नॉर्मलला यायला लागलेल्या वेळेच्या रकान्यात तीन ठिकाणी "माहीत नाही, झोप लागली" एवढंच. म्हटलं खाडाखोड करू नकोस, असंच्या असं डॉक्टरांना दाखव.