वेताळाचे जुने अंक जपताना

इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये निघाला आणि १९९० मध्ये ही मालिका बंद पडली. त्यामुळे घरात जपलेला वेताळाचा (म्हणजे मुखवटाधारी नायक फँटमचा) किंवा जादूगार मॅन्ड्रेकचा अगदी शेवटचा अंकदेखील आज तीस वर्षांहून जुना असतो. असा अंक हाती आला की आधी मधले पान उघडून पिना पाहाव्यात. त्या गंजल्या असतील, तर भोवती तपकिरी डाग पडलेला दिसतो आणि तेथील कागद बोट लागताच तुटतो. पीन ओढू नये. तिचे दुमडलेले पाय बोथट सुरीच्या टोकाने हलकेच सरळ करावेत, ती पाठीकडून अलगद सोडवावी आणि जुन्याच भोकांतून सुती दोरा ओवून पाने शिवावीत.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कदापि लावू नये, कारण तिचा चिकट थर कालांतराने पिवळा पडून चित्रात मुरतो आणि मग वेताळाच्या जांभळ्या पोशाखावर कायमचा पट्टा उमटतो. लॅमिनेशन करून अंक ‘सुरक्षित’ करणाऱ्यांपुढे तर हात टेकावेत.

स्वस्त कागदातील लिग्निन हा लाकडाचा घटक असतो व तो उजेडाने पिवळा पडतो, म्हणून अंक बंद कपाटात, आडवे व थोडेच एकावर एक ठेवावेत. कोकणातल्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि कसर लागली आहे का, हे दर महिन्याला पाने चाळून पाहावे. त्या निमित्ताने एखादी गोष्ट पुन्हा वाचून होतेच.